पेनीवाइज आहे तरी कोण, आणि त्याने जोकरच का व्हावं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एचबीओची ‘इट: वेलकम टू डेरी’ ही आठ भागांची मालिका सुरू झाली. आपल्याकडे ती जिओहॉटस्टारवर दिसली. ज्यांनी ‘इट’चे २०१७ आणि २०१९चे सिनेमे पाहिले होते ते सरसावून बसले. ज्यांची पेनीवाइज या जोकराशी पहिलीच गाठ होती त्यांचा मात्र पार गोंधळ उडाला, कारण मालिकेच्या पहिल्या काही भागांत जोकर धड समोर येतच नाही. पहिल्याच भागात पंख असलेलं एक भयानक अर्भक दिसतं, पुढे आणखी भलतंच काहीतरी. मग पोस्टरवरच्या जोकराचा यांच्याशी संबंध काय? हे भूत आहे, सैतान आहे, की परग्रहावरून आलेलं काही? मोठ्या माणसांना ते दिसत का नाही? आणि दर २७ वर्षांनीच का?

क्रमाने पाहू. कथेतली बरीच गुपितं पुढे फुटणार आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

मुळात गोष्ट काय आहे?

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘इट’ ही कादंबरी १९८६मध्ये आली. पहिल्या आवृत्तीची पानं अकराशेच्या वर. घडते डेरी नावाच्या गावात. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे, तिथलं हे काल्पनिक गाव. पण त्याचा नकाशा बराचसा बँगोर या खऱ्या शहरावरून घेतलेला आहे, आणि किंग तिथेच राहत होते.

ऑक्टोबर १९५७. मुसळधार पाऊस. सहा वर्षांचा जॉर्जी कागदी होडी रस्त्याकडेच्या पाण्यात सोडून तिच्यामागे पळत असतो. होडी गटाराच्या तोंडात जाते. तो वाकून पाहतो तर आत एक जोकर, हातात फुगे. गोड बोलतो, नाव सांगतो, होडी परत देतो म्हणतो. पोरगं हात पुढे करतं आणि तो हात खांद्यापासून उपटला जातो.

पुढच्या उन्हाळ्यात जॉर्जीचा थोरला भाऊ बिल आणि त्याचे सहा मित्र-मैत्रिणी त्या गोष्टीचा छडा लावतात. सातही जण शाळेत टिंगलीचा विषय झालेले. एक तोतरा, एक लठ्ठ, एक दमेकरी, एक ज्यू, एक कृष्णवर्णीय, एक अखंड बडबड्या, आणि एकुलती एक मुलगी, जिचा बाप तिला मारतो. ते त्या प्राण्याला हरवतात, पण तो मरत नाही. २७ वर्षांनी, वय चाळिशीला टेकल्यावर, त्यांना पुन्हा गावात यावं लागतं.

मग ते भूत, की राक्षस?

दोन्ही नाही. भूत म्हणायचं तर आधी कुणीतरी मेलेलं हवं. इथे तसं काही नाही. कादंबरीनुसार ही वस्तू आपल्या विश्वाच्या पलीकडून आली आणि माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, आज जिथे डेरी आहे तिथे येऊन पडली. वर गाव वसलं, खाली ती झोपलेली राहिली. तिचं खरं स्वरूप माणसाच्या मेंदूला पेलवत नाही. किंग त्याला एक प्रकारचा प्रकाश म्हणतात, जो पाहिला की माणूस वेडा होतो. आपल्या डोळ्यांना झेपेल असं तिचं जवळात जवळचं रूप म्हणजे जाळं विणणारी एक अवाढव्य मादी कोळी.

आपल्याकडे दारात बहुरूपी यायचा. आज पोलीस, उद्या डॉक्टर, परवा देव. वेश रोज वेगळा, माणूस तोच. पेनीवाइज हा त्या वस्तूचा असाच एक वेश आहे, इतकंच की रंग पुसल्यावर आत माणूस सापडत नाही. कुणाला ती कुष्ठरोगी होऊन दिसते, कुणाला ममी, कुणाला लांडगामानव, कुणाला प्रचंड पक्षी. १९५८ सालच्या पोरांना दिसणारी बरीच रूपं त्या काळच्या भयपटांतून उचललेली आहेत, कारण ती पोरं शनिवारी थिएटरात तेच पाहत होती. सिनेमाने मुलांचा काळ १९८९वर आणला तेव्हा भीतीसुद्धा बदलावी लागली. तिथे स्टॅन नावाच्या मुलाला छळते ती वडिलांच्या खोलीतल्या चित्रामधली वेड्यावाकड्या चेहऱ्याची बाई.

एवढी उठाठेव कशासाठी? ते मुलांना खातं, आणि घाबरलेलं मूल त्याला जास्त चवदार लागतं. मांस शिजवण्याआधी मीठ लावावं तशी ती भीती, हा हिशोब कादंबरीतच दिला आहे. पोट भरलं की झोपायचं, सुमारे २७ वर्षांनी उठायचं, वर्ष-सव्वा वर्ष खायचं, पुन्हा झोपायचं. या आकड्यामागे कुठलंही गूढ गणित शोधायची गरज नाही. कथेला त्याचा उपयोग साधा आहे. एवढ्या काळात मागच्या खेपेची मुलं मोठी होतात, त्यांना मुलं होतात, आणि मागचं सगळं विसरायला पुरेसा वेळ मिळतो. हे विसरणं लक्षात ठेवा, कारण माझ्या मते कादंबरीचा सगळा जोर तिथे आहे.

जोकरच का?

किंग यांनी सांगितलेली उगमकथा अशी. १९७८मध्ये ते कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये राहत होते. गाडी बिघडली, दुरुस्तीहून ती आणायला संध्याकाळी चालत निघाले, आणि वाटेत लाकडी पूल लागला. बुटांचा आवाज ऐकून त्यांना पुलाखाली राहणारा राक्षस आठवला. तीन बोकड पूल ओलांडतात आणि खालचा राक्षस त्यांना अडवतो, ही मूळची नॉर्वेची बालकथा. पूल म्हणजे शहर, खालचा राक्षस म्हणजे गटारातलं काहीतरी, असं ते डोक्यात वाढत गेलं. म्हणजे सुरुवातीला जोकर नव्हता, पुलाखालची जागा होती.

पुलाखाली बसून पोरांना जवळ बोलवायचं तर काय व्हावं? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या टीव्हीवर मुलांचे लाडके जोकर होते, बोझो आणि क्लॅराबेल. जॉर्जीला गटारात दिसतो तो जोकर या दोघांच्या मिश्रणासारखा आहे, असं कादंबरीत थेट म्हटलं आहे. गबाळा रेशमी पोशाख, मोठाली नारिंगी बटणं, निळाशार टाय, पांढरे हातमोजे. भीती वाटावी असं त्यात काही नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे जॉर्जीला घरी शिकवलेलं आहे, आणि तो तसं म्हणतोही. जोकर स्वतःची ओळख करून देतो आणि म्हणतो, आता कुठे आपण अनोळखी राहिलो! त्या एका वाक्यात पोराची सगळी शिकवण कोलमडते. जोकर हे आमिष आहे. घाबरवण्याची रूपं त्याच्याकडे ढिगाने आहेत, हे रूप जवळ बोलावण्यासाठी आहे.

२०२५च्या मालिकेने यात एक भर घातली. बॉब ग्रे नावाचा एक खराखुरा जत्रेतला जोकर होता, मुलं त्याच्याभोवती जमतात हे त्या वस्तूने पाहिलं, त्याला संपवलं आणि त्याचं रूप उचललं. पुस्तकात बॉब ग्रे हे नाव आहे, एवढा तपशील नाही. मला ही भर थोडी अनावश्यक वाटली, पण आमिषाच्या मुद्द्याशी ती जुळते.

‘पेनीवाइज म्हणजे जॉन वेन गेसी’ असंही बरेच जण ठामपणे सांगतात. शिकागोजवळ राहणारा हा खुनी डिसेंबर १९७८मध्ये पकडला गेला, १९८०मध्ये ३३ खुनांसाठी दोषी ठरला, आणि तो जोकराचा वेश करून मिरवणुकांत, मुलांच्या कार्यक्रमांत जात असे. त्या बातम्यांनी जोकराकडे बघण्याची अमेरिकेची नजर बदलली हे खरं. पण किंग उगम सांगतात तो पुलाचा.

रंगवलेल्या चेहऱ्यात घाबरण्यासारखं काय असतं?

जोकराच्या तीव्र भीतीला ‘कूलरोफोबिया’ म्हणतात. शब्द अलीकडचा आहे, आणि मानसोपचाराच्या अधिकृत यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. भीती मात्र खरी. साउथ वेल्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ६४ देशांतल्या ९८७ लोकांना विचारलं आणि २०२३मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक, ५३.५ टक्के लोकांनी थोडीफार तरी भीती वाटते असं सांगितलं. पाच टक्के लोकांना ती अतिशय वाटत होती.

कारणं विचारल्यावर सगळ्यांत वर आलं ते हे: रंगामुळे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. आपण माणूस ओळखतो तो भुवया, गाल, ओठांचे कोपरे बघून. जोकराने त्यावर एक कायमचं हसू काढून ठेवलेलं असतं. खालचा खरा ओठ रागाने आवळला असला तरी वरचं लाल हसू तसंच. दोन तोंडं एकाच चेहऱ्यावर, आणि विश्वास कुठल्यावर ठेवायचा ते कळत नाही. लहानपणी जोकराचा वाईट अनुभव आला होता, हे कारण यादीत तळाला होतं. म्हणजे भीती बाळगणाऱ्या बहुतेकांना कुठल्याही जोकराने कधी त्रास दिलेला नाही.

‘मग हे सगळं सिनेमानेच केलं की’, असं कुणी म्हणेल. सिनेमाचा वाटा त्या अभ्यासातही दिसतो, पण तो एकटा नाही. जोकराच्या हसण्यामागे काहीतरी काळं आहे ही शंका किंगपेक्षा बरीच जुनी आहे. पांढऱ्या चेहऱ्याचा आधुनिक जोकर ज्याच्यापासून सुरू झाला तो लंडनचा जोसेफ ग्रिमाल्डी १८३७मध्ये वारला. अंगाचे हाल झालेले, बायको आणि मुलगा आधीच गेलेले. त्याच्या आठवणी संपादित केल्या त्या चार्ल्स डिकन्स यांनी. पॅरिसचा विख्यात मूकनट देबुरो याने १८३६मध्ये रस्त्यात चिडवणाऱ्या एका मुलाला काठीचा फटका मारला, त्यात तो मुलगा मेला. कोर्टाने देबुरोला सोडलं. लोक मात्र विसरले नाहीत.

डेरीतली मोठी माणसं करतात काय?

सिनेमा पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त खटकणारा प्रश्न हाच. गावात इतकी मुलं नाहीशी होतात आणि पोलीस, पालक, शाळा, कुणालाच काही पडलेलं नाही? पटकथेतली ही ढिलाई वाटते. ती ढिलाई नाही, कादंबरीचा कणा आहे.

सातांतली मुलगी बेव्हर्ली, तिच्या न्हाणीघरात बेसिनमधून रक्ताचा फवारा उडतो, भिंती माखतात. बाप आत येतो, त्याला काहीच दिसत नाही. मित्र येतात, त्यांना दिसतं, आणि ते सगळे मिळून फडक्याने पुसून काढतात. २०१७च्या सिनेमात पुलावर गुंड पोरं लठ्ठ बेनचं पोट चाकूने कोरत असतात, शेजारून एक गाडी जाते, आतलं वयस्क जोडपं बघतं आणि पुढे निघून जातं. गाडीत मागे लाल फुगा. पुस्तकात मुलीच्या मागे गुंड लागलेले पाहून शेजारी वर्तमानपत्राची घडी घालतो आणि घरात निघून जातो.

यात जादूचा भाग आहेच. ते प्राणघातक काहीतरी गावाच्या खाली आहे, त्याचा अंमल माणसांच्या मनावर चढतो आणि मोठ्यांची नजर आपोआप दुसरीकडे वळते. पण किंग यांनी अशा जागी खऱ्या घटना पेरल्या आहेत की सगळं खापर जादूवर फोडता येऊ नये. कादंबरीत एका समलिंगी तरुणाला मारहाण करून पुलावरून खाली टाकतात. जुलै १९८४मध्ये बँगोरमध्ये तीन किशोरवयीन मुलांनी एका समलिंगी तरुणाला असंच नदीत फेकलं होतं, तो बुडून मेला. कादंबरीत गावकरी भर रस्त्यात बंदुका काढून दरोडेखोरांच्या ब्रॅडली टोळीला गोळ्या घालतात आणि नंतर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये बँगोरच्या रस्त्यावर खरोखर ब्रॅडी टोळीला गोळ्या घातल्या गेल्या. तिथे बंदुका एफबीआयच्या होत्या, किंग यांनी त्या गावकऱ्यांच्या हाती दिल्या. कृष्णवर्णीय सैनिकांचा क्लब पेटवून देणारे गोरे कादंबरीत आहेत, मालिकेतही आहेत. जोकर या सगळ्या ठिकाणी गर्दीत कुठेतरी दिसतो. बघत असतो, जेवत असतो. काडी लावणारी माणसं गावचीच.

गाव सोडून जाणारे सगळं विसरतात, असा आणखी एक नियम आहे. सातांपैकी सहा बाहेर पडतात, नाव आणि पैसा कमावतात, आणि त्यांना बालपण आठवत नाही. माइक एकटा मागे राहतो, वाचनालयात नोकरी करतो, जुने मृत्यू वहीत टिपून ठेवतो. तो श्रीमंत होत नाही, पण त्याला आठवतं. फोन करून बाकीच्यांना बोलावणारा तोच.

एवढं ताकदवान, तर पोरांकडून हरतं कसं?

रास्त प्रश्न. उत्तर त्याच्या ताकदीतच दडलेलं आहे. ते ज्याचं रूप घेतं त्याचे नियमही त्याला लागू होतात. लांडगामानव झालं तर लांडगामानवाला चांदीची गोळी लागते, यावर पोरांचा पक्का विश्वास असतो, म्हणून ती लागते. पुस्तकात बेव्हर्ली गलोलीने चांदीची गोळी मारते आणि ते खरोखर जखमी होतं.

एडीचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. तो दम्याचा पंप सतत जवळ बाळगतो. त्यात औषध नाही, निव्वळ पाणी आणि चवीपुरता कापूर आहे, असं दुकानदाराने त्याला सांगितलेलं असतं. तरी ऐन वेळी तो पंप त्या प्राण्याच्या तोंडावर रोखतो, हे जळजळीत अ‍ॅसिड आहे असं ठरवतो आणि फवारतो. ते होरपळतं. स्टॅन मेलेल्या मुलांनी घेरला जातो तेव्हा पक्ष्यांचं पुस्तक छातीशी धरून पक्ष्यांची नावं घेत सुटतो, आणि दार उघडतं. रामरक्षा म्हणत अंधारा बोळ पार केलेल्या कुणालाही हे समजवायला नको.

मोठ्यांना ते का धरत नाही, तेही यातून कळतं. मुलाची भीती एका चेहऱ्यात मावते. चाळिशीच्या माणसाची भीती म्हणजे कर्जाचा हप्ता, छातीत येणारी कळ, मोडत चाललेला संसार. गृहकर्जाच्या हप्त्याचं रूप घेऊन गटारात बसायचं तरी कसं?

पडद्यावर कोण खरा?

१९९०च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर दोन भागांत याचं पहिलं रूपांतर आलं. टिम करी यांचा पेनीवाइज उघड्या दिवसा, भडक कपड्यांत, विनोद सांगत फिरतो. कर्कश आवाजात कोट्या करतो आणि एकदम दात दाखवतो. बजेट टीव्हीचं, रक्त कमी, तरी त्या काळी ज्यांनी लहानपणी पाहिलं त्यांच्या मनातून तो गेला नाही, कारण तो खरोखरच वाढदिवसाला बोलावता येईल असा जोकर होता.

आपल्याकडे १९९८मध्ये झी टीव्हीवर ‘वो’ नावाची मालिका याच कादंबरीवरून झाली. मोठेपणीच्या मुख्य भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते, ‘लगान’च्या आधीचे. जोकर होते बुटक्या चणीचे अभिनेते लिलिपुट. आपल्या सर्कशीतला जोकर बहुतेकदा बुटका, मार खाणारा, कीव यावी असा. तोच प्रेक्षकाच्या ओळखीचा देह घेऊन त्यात भय भरण्याची निवड, आज मागे वळून पाहिलं की, हुशारीची वाटते.

२०१७मध्ये अँडी मुस्किएटी यांच्या सिनेमात बिल स्कार्सगार्ड आले. उंच, राखाडी जुनाट पोशाख, ओठांपासून डोळ्यांवरून कपाळापर्यंत जाणाऱ्या लाल रेघा. त्यांचा एक डोळा समोर बघतो आणि दुसरा भलतीकडे. दिग्दर्शकाला हे संगणकाने करून घ्यायचं होतं, पण स्कार्सगार्ड म्हणाले, मला ते येतं, आणि करून दाखवलं. सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या सिनेमाने जगभरात सत्तर कोटींच्या आसपास कमाई केली. अभिनय अफाट आहे, तरी माझी एक तक्रार आहे. या जोकराला बघून कुठलं मूल जवळ जाईल? तो पहिल्या क्षणापासून लाळ गाळतो. करीचं आमिष होतं, स्कार्सगार्डचा आधीच गळ दिसतो. भीती जास्त वाटते, जॉर्जीचा हात पुढे होणं मात्र पटायला जड जातं.

पडद्यावर फसतो तो बहुतेकदा शेवट. १९९०मध्ये शेवटी कोळी दाखवला आणि तो रबरी खेळणं दिसला. २०१९च्या दुसऱ्या सिनेमात जोकराचं धड कोळ्याला जोडलं, अडीच तासांच्या वर लांबवलं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला हिणवत हिणवत लहान करून संपवलं. पुस्तकातली विश्वापलीकडची लढाई, त्यातलं ते जगाएवढं जुनं कासव, हे जवळपास गाळलंच. बिल मोठेपणी लेखक होतो आणि त्याला कथेचे शेवट जमत नाहीत, हा विनोद त्या सिनेमात वारंवार येतो. तो ऐकवणाऱ्यांत जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक आहे, आणि त्या भूमिकेत स्वतः स्टीफन किंग आहेत.

खऱ्या जोकरांचं काय?

त्यांचं नुकसान झालं, हे मान्य करायला हवं. ऑगस्ट २०१६मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात ग्रीनव्हिल इथून, जोकर मुलांना जंगलाकडे बोलावतात अशा तक्रारी सुरू झाल्या आणि ती लाट देशभर, मग देशाबाहेर पसरली. ऑक्टोबरमध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या रोनाल्ड या जोकराचे कार्यक्रम कमी केले. मुलांच्या पार्ट्यांत आणि इस्पितळांत पोट भरणाऱ्या जोकरांची त्यांच्या संघटनांनी बाजू मांडली, पण त्यांचं कोण ऐकतो? इस्पितळातल्या चित्रांबद्दल तर त्याआधीच, २००८मध्ये, शेफील्ड विद्यापीठाने अडीचशेहून अधिक मुलांना विचारलं होतं. भिंतीवर जोकर नको, असंच मुलांनी सांगितलं होतं.

आता पाहायचं असेल तर २०१७च्या सिनेमापासून सुरुवात करा. तो एकट्यानेही पुरा आहे. मालिका १९६२ सालची, म्हणजे सिनेमाच्या आधीच्या फेरीची, तरी ती नंतर पाहिलेली बरी. पुढचे हंगाम आणखी मागे, १९३५ आणि १९०८मध्ये नेण्याचा निर्मात्यांचा विचार आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन मात्र बसू नका. गोष्ट मुलांची असली तरी ती मुलांसाठी नाही. पुस्तक घ्यायचं असेल तर लांबी बघून बिचकू नका, डेरीच्या जुन्या हकिकती सांगणारी माइकची टिपणं आधी वाचलीत तरी चालेल. त्यांत जोकर फार थोडा वेळ येतो.